अर्धा मिलिमीटर खाली

व्याह्याशी भांडता येत नाही, हीच त्या नात्यातली सगळ्यात मोठी गैरसोय. भावाशी कडाकडा भांडून संध्याकाळी त्याच्याच घरी जेवता येतं, शेजाऱ्याशी अबोला धरता येतो, मित्राला तर तोंडावर गाढव म्हणता येतं. व्याह्याला मात्र 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणायचं, हसायचं, आणि पोटातलं पोटात ठेवायचं.

कवळीकरांचं खरं आडनाव कवळीकर नव्हतं. तीस वर्षं ते दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देत होते, म्हणून त्यांच्या गल्लीतल्या कुणीतरी ते चिकटवलं आणि त्यांनीही बिनतक्रार लावून घेतलं. त्यांचे व्याही लिफ्टचे मेकॅनिक. छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले, पण अजूनही कुठल्याही इमारतीत शिरले की लिफ्टचा आवाज ऐकून मान हलवायचे.

लेकीचं लग्न झाल्यावर कवळीकर पहिल्यांदा तिच्या घरी जेवायला गेले, तेव्हा दोघे व्याही समोरासमोर बसून हवेबद्दल बोलले. दुसऱ्या रविवारी पुन्हा हवेबद्दल. तिसऱ्या रविवारी हवासुद्धा संपली. मग व्याही घसा खाकरून म्हणाले, "तुम्हाला गॅरेजमध्ये एक वस्तू दाखवू का? म्हणजे, वेळ असेल तर."

गॅरेजमध्ये फळीवर एक लाल बोट पडून होती. ऐंशी सेंटिमीटर लांब, सुरीसारखं टोक, पोट खालून इंग्रजी व्हीच्या आकाराचं. जावयाने हौसेने मागवली होती. रिमोटवर चालणारी, ताशी ऐंशी किलोमीटरच्या पुढे जाईल अशी. मग त्याची नोकरी पाळीची झाली आणि बोट अर्धवट राहिली. मोटर डब्यात, बॅटरी कपाटात, वायरी पिशवीत.

कवळीकरांनी प्रॉपेलर हातात घेतला. बेचाळीस मिलिमीटरचा, दोन पात्यांचा, ओतीव धातूचा, अंगावर खरखरीत. त्यांनी तो उजेडात धरला, अंगठ्याने पात्याची कड चाचपली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हा पंखा असाच लावला तर बोट थरथरेल. एक पातं जाड आहे."

"तुम्हाला हातानेच कळलं?" व्याही म्हणाले.

"कवळीत याच्यापेक्षा कमी फरक असला तरी माणूस जेवताना शिव्या घालतो."

तिथून रविवार बदलला. पंखा कवळीकरांकडे गेला. पान्याने फिरवायचं ते सगळं व्याह्यांकडे राहिलं. हे कुणी ठरवलं नाही. एकमेकांच्या कामाला हात लावणं म्हणजे एकमेकांच्या ताटातलं उचलण्यासारखं, इतकंच दोघांना वाटलं. कवळीकर आठवडाभर, हातातलं काम संपलं की, कवळ्या घासायच्या त्याच छोट्या यंत्रावर पातं तासत. पंख्यात बारीक दांडी घालून ती दाढीच्या दोन ब्लेडांच्या धारेवर आडवी ठेवत आणि पंखा सोडत, जड पातं खाली गेलं की तिथून चिमूटभर काढत, पुन्हा सोडत. शेवटी पंखा कुठेही सोडला तरी तिथेच राहू लागला, तेव्हा त्यांनी एकट्याने टाळी वाजवली. नंतर त्यांनाच हसू आलं.

बायको जाऊन चार वर्षं झाली होती. आठवड्यातले सहा दिवस ते दुसऱ्यांच्या तोंडात बसतील असे दात घडवत आणि घरी येऊन गरम केलेलं कालचं जेवत. सातव्या दिवशी मात्र एका दारात कुणीतरी त्यांची वाट बघत असे. लेक तर बघायचीच, पण लेकीने बघणं वेगळं. एक परका माणूस गॅरेजचं दार उघडं टाकून, हात पुसत, रस्त्याकडे बघत उभा असायचा. ते गमावायची कवळीकरांची तयारी नव्हती.

बोट पाण्यात गेली ती दोन महिन्यांनी. गावाबाहेर दगडी काठाचं एक तळं होतं, सकाळी तिथे फक्त पळायला येणारी माणसं. लेक मोबाइल धरून उभी राहिली. विहीणबाई लांबच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी एकच सूचना केली, "बोट बुडाली तरी चालेल, बोटं सांभाळा."

पहिले तीस मीटर बोट पाण्यातून गेली, मग पाण्यावर आली. मागे पांढरा तुरा उभा राहिला. आणि वेग वाढवल्याबरोबर नाक वर होऊ लागलं. एवढ्या वेगात बोटीचा मागचा थोडासा भागच पाण्याला टेकलेला असतो. बाकी सगळी हवेत तरंगते. नाक जरा जास्त उचललं की हवा पोटाखाली शिरते, आणि मग बोटीचं वाऱ्यावरचं पान होतं. तसंच झालं. लाल बोट उभी राहिली, मागच्या मागे कलंडली आणि पालथी पडून शांतपणे तरंगू लागली.

"सुंदर चालली," व्याही म्हणाले.

"फारच सुंदर," कवळीकर म्हणाले.

मग दोघांनी मासे धरायच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून तो बोटीपलीकडे फेकला आणि तिला ओढून काठाला आणलं. आत बसवलेल्या, वेग मोजणाऱ्या जीपीएसच्या डबीने ताशी एकाहत्तर दाखवलं होतं.

उपाय कवळीकरांना कळला होता. पंख्याची दांडी बोटीच्या मागे एका ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून बाहेर येते. त्याला ते दोघं पाय म्हणत. पायाचं मागचं टोक किंचित खाली केलं, तर पंखा बोटीला पुढे ढकलताना शेपटीही थोडी उचलतो, आणि शेपटी उचलली की नाक आपोआप दबतं. पण पाय पान्याचा, म्हणजे व्याह्यांचा. तोंडाने सांगणं म्हणजे शिकवल्यासारखं झालं असतं. म्हणून कवळीकरांनी आयुष्यभर डॉक्टर त्यांना पाठवत तशी एक चिठ्ठी लिहिली आणि निघताना टेबलावर ठेवली. 'पायाचं मागचं टोक अर्धा मिलिमीटर खाली. आपल्या सवडीने.'

पुढच्या रविवारी बोट आधीपेक्षा लवकर उडाली. पन्नास मीटरसुद्धा गेली नाही.

विहीणबाईंनी चहाला हाक मारली आणि व्याही आत गेले, तेव्हा कवळीकरांनी चोरासारखं खिशातून जाडी मोजायचं माप काढलं आणि पाय मोजला. टोक अर्धा मिलिमीटर खाली नव्हतं. अर्धा मिलिमीटर वर होतं. त्यांनी पुन्हा मोजलं. बरोबर अर्धा, ना कमी ना जास्त. विसरलेल्या माणसाचं माप शून्यावर राहतं. हे कुणीतरी मुद्दाम, नीट मोजून, उलटं केलं होतं.

'त्यांना वाटत असेल, मी त्यांच्या कामात नाक खुपसतोय,' कवळीकर मनात म्हणाले. मोठ्याने म्हणाले, "चहा झकास झालाय."

दुसरी चिठ्ठी त्यांनी जास्त आर्जवाने लिहिली. 'पायाचं टोक एक मिलिमीटर खाली केल्यास कदाचित फरक पडेल असं वाटतं.'

तिसऱ्या रविवारी बोटीने हवेत दीड कोलांटी मारली, टपावर आपटली, वरचं झाकण फुटलं आणि आत पाणी शिरलं. पळायला आलेला एक माणूस थांबून टाळ्या वाजवू लागला. त्याला वाटलं, हाच खेळ आहे. कवळीकरांनी बोट पुसता पुसता पायाला माप लावलं. दीड मिलिमीटर वर.

"मजा आली," व्याही म्हणाले. त्यांचा चेहरा पडलेला होता.

"खूपच," कवळीकर म्हणाले.

तिसरी चिठ्ठी एका ओळीची होती, आणि तिच्यात आर्जव नव्हतं. 'दीड मिलिमीटर खाली.' म्हणजे निदान होतं तिथे तरी आणा.

घरी जाताना बसमध्ये त्यांनी सगळा हिशेब मांडला. एका माणसाने सांगितलेलं दुसरा माणूस दर वेळी बरोबर तेवढंच उलटं करतो, तोंडाने मात्र चकार शब्द काढत नाही. याचा अर्थ एकच. त्यांना मी नको आहे. पण मी त्यांच्या सुनेचा बाप, हाकलणार कसं?

शुक्रवारी त्यांनी लेकीला फोन केला. "या रविवारी जमेल असं दिसत नाही. कामं तुंबलीत."

"अप्पा, रविवारी कोण कवळी मागतं?"

"लग्न आहे कुणाचंतरी. नवरदेवाच्या आजोबांना हसायचंय फोटोत."

"खोटं बोलताना तुम्ही नेहमी आजोबांना मध्ये आणता," लेक म्हणाली. "काय झालंय?"

"काही नाही गं. पंखा उद्या आणून देतो. त्यांना लागेल."

शनिवारी संध्याकाळी, उजेड असतानाच, ते पंखा रुमालात गुंडाळून निघाले. शेवटचाच म्हणून तो त्यांनी इतका घासला होता की त्यात दात दिसले असते. गॅरेजमध्ये द्यायचा, दोन शब्द बोलायचे, लेकीला भेटायचं आणि परत फिरायचं, असं ठरवून आले होते.

गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं. आत बोट स्पंजच्या दोन तुकड्यांवर पालथी ठेवलेली, पोट आढ्याकडे. भिंतीवर त्यांच्या तिन्ही चिठ्ठ्या ओळीने चिकटवलेल्या, प्रत्येकीखाली पेन्सिलने तारीख आणि 'केले'. फक्त तिसरीखाली काही नव्हतं. व्याही चष्मा कपाळावर चढवून, दातांत जीभ धरून, बारीक कानशीने पायाचा धातू घासत होते.

कवळीकरांनी कानस बघितली, मग आढ्याकडे वळलेलं बोटीचं पोट. मग त्यांच्या ध्यानात आलं, आणि सगळी सभ्यता तिथेच गळून पडली.

"अहो, हे काय करताय?"

व्याही दचकले. "तुम्ही? या, या. काही नाही, पायाचे स्क्रू सरकतात ती खाच वाढवतोय. तुम्ही दीड सांगितलंत, पण खाचेत तेवढी जागाच उरली नाही. म्हटलं घासून जागा करू."

"पण तुम्ही पाय वर नेताय!"

"वर कुठे?" व्याह्यांनी अंगठ्याने टेबलाकडे दाखवलं. "हे काय, खाली."

"खाली म्हणजे पाण्याकडे!"

"इथे पाणी कुठंय? इथे टेबल आहे."

"बोट उलटी आहे, व्याही!"

"उलटी आहे हे मला दिसतंय. मीच ठेवलीय उलटी."

"मग तिचं खाली आता वर गेलं ना!"

"खाली कधी वर जातं का?" व्याह्यांचा आवाज चढला. "छत्तीस वर्षं काढली मी लिफ्टमध्ये. लिफ्टच्या टपावर माणूस उभा असतो, त्याला मी ओरडून सांगतो, खाली. तो जर विचार करत बसला की खाली म्हणजे नक्की कुणाचं खाली, तर त्याला खरवडून काढावा लागतो. वर म्हणजे आढं, खाली म्हणजे जमीन. संपलं!"

"आणि मी तीस वर्षं वरची कवळी टेबलावर उताणी ठेवून काम करतोय! दात आढ्याकडे असतात तिचे! म्हणून ती खालची होत नाही. ती वरचीच. पालथी घाला, उभी करा, खिशात टाका, वरची ती वरचीच!"

"मग काय, लोकांच्या तोंडात उलट्या बसत असतील तुमच्या कवळ्या!"

"एक आणून दाखवा! एक!"

आवाज घरात पोचले होते. लेक धावत आली, तिच्या मागे हातात उलथनं घेऊन विहीणबाई. लेकीचा चेहरा पांढरा पडला होता. तिला वाटलं, चार महिने जपलेलं सगळं एका संध्याकाळी फुटलं.

"तुम्हाला एकदाही शंका आली नाही?" कवळीकर ओरडले. "बोट दर रविवारी जास्त उडतेय, हे दिसत होतं ना?"

"दिसत होतं की! दुसऱ्याच आठवड्यात मी हिला म्हटलं, हे उलटं होतंय."

"हो, म्हणाले होते," विहीणबाई म्हणाल्या. "रात्री दोनदा उठून म्हणाले."

"मग मला का नाही म्हणालात?"

"तुम्ही लिहून दिलं होतंत. तुमचा हात मी बघितलाय. अर्ध्या केसाचा फरक अंगठ्याला कळणारा माणूस. म्हटलं, विचार करूनच लिहिलं असेल, पुढे जाऊन कळेल आपल्याला. तुम्हाला कसं म्हणायचं चुकलात म्हणून?"

"म्हणायचं, अहो गाढव, चुकलात!"

"व्याह्याला?"

कवळीकर भिंतीवरच्या चिठ्ठ्यांजवळ गेले. केले. केले. हा माणूस उलटं करत नव्हता. हा माणूस त्यांचा शब्द इतका तंतोतंत पाळत होता की जागा संपल्यावर धातू कापायला बसला होता. आणि आपण बसमध्ये बसून त्याच्या नावाने काय काय ठरवलं!

"मग गाढव आहात तुम्ही," ते म्हणाले.

"तुम्ही जास्त आहात," व्याही म्हणाले. "लिहिता येत नव्हतं, पाण्याकडे म्हणून?"

विहीणबाईंनी उलथनं खाली केलं. "चार महिन्यांत आज पहिल्यांदा तुम्ही दोघं माणसांसारखं बोलताय. नाहीतर दर रविवारी मला वाटायचं, घरात दोन पाहुणे आलेत, त्यातला एक माझा नवरा."

लेक हसू लागली आणि तिला ते आवरेना.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर दोघांनी आधी पाय शून्यावर आणला, मग पाण्याकडे एक मिलिमीटर. खाच खरवडली होती तिथे व्याह्यांनी पत्र्याची बारीक चकती ठोकली होती. बोट उडाली नाही, पण नाक पाण्यात खुपसून नांगरासारखी गेली. एकोणसत्तर.

"फार झालं," व्याही म्हणाले.

"हो, अर्धाच ठेवा. मी पहिल्या चिठ्ठीत तेच लिहिलं होतं."

"लिहिलं होतंत, पण कुठल्या भाषेत ते देव जाणे."

अर्ध्यावर बोट सरळ पळाली. मागचा तुरा आता उंच नव्हता, लांब आणि सपाट होता, आणि आवाज एका सुरात होता. एकोणऐंशी. कवळीकर खूश झाले. व्याही नाही झाले. ते गुडघ्यावर बसले, झाकण काढलं, बॅटरी बोटभर मागे सरकवून पट्ट्याने घट्ट केली. "नाक अजून जड आहे. तुम्ही शेपटीकडून बघताय, मी वजनाकडून. लिफ्टमध्ये वजन कुठे ठेवलंय यावरच सगळं असतं."

"पुन्हा उडेल."

"नाही उडणार. पैज?"

"काय?"

"हरणाऱ्याने चेंडू फेकायचा."

रिमोट त्यांनी कवळीकरांच्या हातात दिला. आजवर तो दर वेळी व्याह्यांच्याच हातात असायचा. कवळीकरांनी अंगठा हळूहळू दाबला. बोट काठापासून सुटली, पोट पाण्याबाहेर आलं, नाक एका रेषेत राहिलं. एक रेषा, लाल, तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाण्याला जेमतेम टेकलेली. वळणावर त्यांनी वेग कमी केला, पुन्हा दाबला. लेक काहीतरी ओरडत होती. परत येताना बोटीने त्यांच्यासमोरून असा सूर काढला की बाकावरच्या विहीणबाई उठून उभ्या राहिल्या.

शहाऐंशी.

बोट काठाला लागली. व्याह्यांनी मोटरला हात लावून बघितला, फुंकर मारली, मान डोलावली. "झालं," ते म्हणाले. "काम फत्ते."

कवळीकरांनी न वापरलेली दोरी गुंडाळायला घेतली. काम झालं, म्हणजे संपलं. पंखा घासायचा राहिला नाही, चिठ्ठी लिहायची राहिली नाही. आता पुन्हा हवेबद्दल बोलायचं? जेवताना सगळे हसत होते, तेही हसले. पण निघताना 'पुढच्या रविवारी भेटू' हे शब्द कुणाच्या तोंडून निघाले का, ते आठवायचा प्रयत्न करत ते बसमध्ये बसले. निघाले नव्हते. त्यांच्याही नव्हते.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी दुपारी त्यांच्या हातात मेणाचा साचा होता आणि दोन्ही हात प्लास्टरने माखले होते, तेव्हा फोन वाजला. त्यांनी कोपराने तो उचलला.

"तुमचा पंखा मोठा आहे," पलीकडून आवाज आला. नमस्कार नाही, कसे आहात नाही.

"काय?"

"दोन मिनिटांत मोटर इतकी तापते की हात ठेववत नाही. पंखा मोठा आहे. एक-दोन मिलिमीटर कमी करा."

"तुम्ही एकटेच गेला होतात तळ्यावर?"

"मग काय करू? रविवारपर्यंत दम निघेना."

"पंखा मोठा नाही," कवळीकर म्हणाले. "तुमचं पाणी कमी पडतंय. मोटर थंड करायची नळी बघा, कचरा अडकला असेल."

"बघितली."

"फुंकून?"

"फुंकून."

"दुसऱ्या टोकाने?"

"दुसऱ्या टोकाने कशाला?"

"तुम्ही ज्या टोकाने फुंकलंत, त्याने कचरा आणखी आत बसला असेल. आधी काही करू नका. तसंच ठेवा, मला बघू दे."

"मग या की."

"आज बुधवार आहे."

"बुधवारी तुम्हाला दिसत नाही का?"

कवळीकरांनी टेबलाकडे पाहिलं. प्लास्टर घट्ट होत आलं होतं. "हातातली कवळी पुरी करतो," ते म्हणाले. "तासाभरात निघतो."

"तासभर?" व्याह्यांचा आवाज एकदम वैतागला. "तासभर मी काय करत बसू इथे?"